वाहन क्रमांकाचा रकाना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाहतूक कोंडीवर आपल्याकडे पत्रं येतच असतात. रस्ते रुंद करा, पूल बांधा, पार्किंग वाढवा. मधूनच एखादे वाचक ‘त्यापेक्षा लोकांनी सायकल वापरावी’ एवढं लिहून मोकळे होतात. या शेवटच्या सल्ल्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण गेले चौदा महिने मी तो पाळते आहे. मी एका खाजगी कार्यालयात अंतर्गत हिशेब तपासणीचं काम करते. वय सत्तेचाळीस. घर ते ऑफिस ९.४ किलोमीटर. त्याआधी अकरा वर्षं हेच अंतर मी मोटारीने कापलं, पाच जणांच्या गाडीत एकटी बसून.

सायकल मी काही ध्येयाने वगैरे धरली नाही. गाडी गॅरेजमध्ये होती, ‘तीन दिवसांत देतो’ म्हणाले आणि नऊ दिवस लावले. भाच्याची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. हवा भरली, चेनला तेल दिलं आणि निघाले. पहिल्या दिवशी गुडघे असे दुखले की संध्याकाळी सायकल तिथेच ठेवून यावं असं वाटलं. दोष गुडघ्यांचा नव्हता, सीटचा होता. सीट इतकी खाली होती की पाय कधी सरळच होत नव्हता. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने पेडल मारताना गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. हे मला दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं. सीट चार बोटं वर गेली आणि दुसऱ्या आठवड्यात गुडघ्यांची तक्रार बंद. कित्येकांनी सायकल सोडली ती या चार बोटांपायी असावी, असा माझा संशय आहे.

धंद्याची खोड म्हणा, मी वही केली. पहिले तीन महिने काही दिवस गाडी, काही दिवस सायकल, आणि रोजची वेळ टिपायची. घराच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत, म्हणजे पार्किंग शोधणं आणि तिथून चालत येणं धरून. गाडीची सरासरी आली ३९ मिनिटं, सायकलची ३७. एवढ्यावर कोणी गाडी सोडणार नाही, मीही सोडली नसती. पण वहीत सरासरीच्या वरच्या ओळी बघाव्यात. गाडीला सगळ्यात कमी लागली २५ मिनिटं आणि सगळ्यात जास्त ७४. सायकलला सगळ्यात कमी ३१, सगळ्यात जास्त ४४, आणि ते ४४ समोरून सोसाट्याचा वारा होता त्या दिवशी.

नोकरदार माणसाला सरासरी कामाची नसते. साडेनऊला हजेरी असेल तर घरातून निघायचं ते सगळ्यात वाईट दिवस धरून. म्हणजे गाडीसाठी मी रोज सव्वाआठला निघत होते आणि बऱ्याच दिवशी ऑफिसखाली अर्धा तास गाडीतच बसून काढत होते. तो अर्धा तास मी अकरा वर्षं कोणत्याच खात्यात मांडला नव्हता. आता पावणेनऊला निघते.

लोकांचा पहिला प्रश्न घामाचा असतो. प्रश्न रास्त आहे. पायडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, त्यातली साधारण चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. ती कुठेतरी जायला हवी. पण किती जोर लावायचा हे आपल्या हातात, म्हणजे पायात, असतं. सपाट रस्त्यावर बराचसा जोर हवा कापण्यात जातो आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दुप्पट केला तर हवेपुरती शक्ती आठपट. ताशी २० ऐवजी १६ ने गेलं तर हवेवर खर्च होणारी शक्ती निम्म्यावर येते. आणि ९.४ किलोमीटरमध्ये, सिग्नल सोडून, वेळ किती वाढतो? सात मिनिटं. पहिल्या महिन्यात मी शाळकरी पोरासारखी दामटत होते, ३१ मिनिटांचा विक्रम तेव्हाचाच, आणि त्या दिवशी दहा वाजेपर्यंत मी कपाळ पुसत होते. आता सात मिनिटं देऊन टाकते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. घाम चालवताना जाणवत नाही, थांबल्यावर फुटतो. चालती सायकल स्वतःच वारा घालत असते. आपण उतरलो की पंखा बंद आणि आतली भट्टी चालूच. म्हणून शेवटचा किलोमीटर रमतगमत यायचं. पाठीवरची बॅग कॅरिअरवर बांधायची, म्हणजे पाठीला हवा लागते. एवढ्याने माझा निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र आहे, पण त्याकडे वळण्याआधी रस्त्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी सगळं गोड गोड लिहिते आहे असं वाटेल.

पावसात ओल्या रिमवर ब्रेक शू आधी पाणी पुसतो आणि मग धरतो. त्या मधल्या क्षणात सायकल आपल्या अंदाजापेक्षा बरीच पुढे गेलेली असते. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं ओली झाली की साबण लावल्यासारखी होतात. वळताना त्यांच्यावर चाक जाऊ द्यायचं नाही. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे कळत नाही, तेव्हा डबक्यात चाक घालायचं नाही. रेनकोटमध्ये बाहेरून कोरडं आणि आतून ओलं असा प्रकार होतो. मुसळधार असेल त्या दिवशी मी सरळ गाडी काढते किंवा बसने जाते. असे दिवस वहीत एकोणीस आहेत. त्यांची मला लाज वाटत नाही. रोज म्हणजे रोजच, असा हट्ट धरणारे महिनाभरात थकलेले मी पाहिले आहेत.

पंक्चर चौदा महिन्यांत चार. पहिलं झालं तेव्हा जवळ काहीच नव्हतं, अडीच किलोमीटर सायकल ढकलत नेली. मग एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप घेतला. दुसऱ्या वेळी रस्त्याकडेला बसून मोठ्या ऐटीत ट्यूब बदलली आणि तीनशे मीटरवर पुन्हा फुस्स. काचेची कपची टायरमध्ये तशीच होती. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं असतं, हळूच, हा धडा तिथे मिळाला. त्या दिवशीचे ४८ मिनिटांचे हाल मी वरच्या आकड्यांत धरलेले नाहीत. हिशेब तपासनीस असून अशी सवलत घेतली, हे कबूल करते.

भीती वाटते ती मात्र एकाच गोष्टीची, उभ्या गाड्यांच्या दारांची. एकदा माझ्यापुढे दोन हातांवर अचानक दार उघडलं. मी थांबले कशी ते अजून नीट आठवत नाही. उतरणाऱ्या गृहस्थांनी मनापासून माफी मागितली. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, त्यांनी मागे पाहिलं नव्हतं एवढंच. अकरा वर्षं मीही पाहत नव्हते. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतकं अंतर ठेवून चालवते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. गाडी चालवणाऱ्यांना एकच विनंती: दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. ही युक्ती नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते आणि तिला ना पूल लागतो ना निधी.

वेगाचंही तसंच. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीत ३० ने येणाऱ्या गाडीच्या जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते. माझ्या वाटेवर एक सरळ, रुंद आणि मोकळा रस्ता आहे. गाडीत असताना तो माझा सगळ्यात आवडता होता. आता मी तो टाळते आणि दोन गल्ल्यांमधून जाते. चारशे मीटर जास्त पडतं.

तब्येतीबद्दल फार लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, गाडीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, ४१ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा आहे. पण माझ्यातला तपासनीस लगेच विचारतो, की मुळात धडधाकट होते तेच सायकलवर बसले नसतील कशावरून? अभ्यासकांनी असे फरक शक्य तेवढे वजा केले होते, तरी अशा पाहणीतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर तिसऱ्या मजल्यावर चढताना आता बोलता येतं.

तर आता मूळ मुद्दा. चौदा महिन्यांच्या अनुभवाने माझं मत असं झालं आहे की सायकलने कामावर जाणाऱ्याचा सगळ्यात अवघड टप्पा रस्ता हा नसून ऑफिसच्या फाटकापासून टेबलापर्यंतचा आहे.

पहिल्या दिवशी फाटकावर सुरक्षारक्षकांनी मला ओळखलं नाही. ओळखल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. “मॅडम, सायकल आत नाही घेता येणार. मागे जनरेटरपाशी लावा.” का? तर आतल्या पार्किंगला पास लागतो. पास घ्यायला गेले तर अर्ज मिळाला. नाव, विभाग, वाहनाचा प्रकार: चारचाकी की दुचाकी. सायकलला दोनच चाकं असल्याने मी दुचाकीवर खूण केली. पुढचा रकाना वाहन क्रमांकाचा. सायकलला नोंदणी क्रमांक नसतो. पण फ्रेमवर, बहुतेक सायकलींना पेडलच्या आसाखाली, एक क्रमांक ठोकलेला असतो. मी सायकल उलटी करून, चिखल पुसून, तो उतरवून घेतला आणि रकान्यात लिहिला. चार दिवसांनी अर्ज परत आला. शेरा: ‘वाहन क्रमांक अवैध’. प्रशासन विभागात भेटायला गेले तेव्हा संबंधित बाई फार सौजन्याने म्हणाल्या, “ताई, तुमचं म्हणणं पटतंय, पण संगणक हा नंबर घेतच नाही. या प्रकारचं वाहन आमच्याकडे नाहीच.”

या प्रकारचं वाहन! दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, ही आजची सायकल जॉन केम्प स्टार्ले यांनी इंग्लंडमध्ये बाजारात आणली १८८५ साली. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी आपली तीनचाकी मोटार तयार केली आणि १८८६च्या जानेवारीत तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे दोघी एकाच वयाच्या. एकीला रंगवलेले पट्टे, छप्पर, क्रमांक लिहिलेली जागा आणि दुसरीला जनरेटरची मागची बाजू. अकरा वर्षं माझ्या एका गाडीने जी जागा अडवली तिच्यात आठ-दहा सायकली सहज मावतात. ती जागा देताना मला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता.

जनरेटरपाशी एक लोखंडी स्टँड आहे, हे सांगायला हवं. पण ते पुढचं चाक खाचेत उभं करायचं स्टँड आहे. कोणाचा धक्का लागून सायकल कलली की सगळा भार त्या एका चाकावर येतो आणि रिम वाकते, माझी वाकली. शिवाय कुलूप फक्त पुढच्या चाकाला लागतं. चाक सोडवायला एक पाना पुरतो. चोर चाक तुम्हाला ठेवून बाकीची सायकल नेऊ शकतो. जे लागतं ते याहून साधं आहे: जमिनीत घट्ट रोवलेली, कमरेइतकी उंच, उलट्या यू आकाराची नळी. सायकल तिला टेकते आणि कुलूप फ्रेममधून घालता येतं. सध्या मी फ्रेम पावसाच्या पाण्याच्या पाइपला बांधते.

मग कपडे. आमच्या मजल्यावर एक न्हाणीघर आहे. त्याला कुलूप आहे, किल्ली प्रशासनाकडे आणि प्रशासन दहाला येतं. मी स्टेशनरीच्या खोलीत, जुन्या फायलींच्या साक्षीने, ओल्या पंचाने अंग पुसून कपडे बदलते. ओले कपडे वाळत घालायला जागा नाही. एकदा खुर्चीच्या पाठीवर टाकले तर वरिष्ठांनी नुसतं पाहिलं. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, दिसायला ते वाईटच दिसत होतं. एक साधी खुंटी, जिन्याच्या कोपऱ्यात, एवढ्याने ते पाहणं टळलं असतं.

बोलणी फारशी मनावर घेत नाही. “गाडी विकली का?” हे पहिल्या आठवड्यातलं. “डॉक्टरांनी सांगितलंय का?” हे दुसऱ्या. मला सायकल आवडू शकते ही शक्यता सगळ्यात शेवटी आणि फक्त एका शिपायाने बोलून दाखवली. तो स्वतः वीस वर्षं सायकलने येतो. त्याची सायकल कुठे असते हे मला अकरा वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. जनरेटरपाशीच असते. तिथे रोज सहा सायकली असतात. झाडलोट करणाऱ्या बाईंची, कँटीनमधल्या मुलांची. म्हणजे ‘या प्रकारचं वाहन आमच्याकडे नाही’ हे हिशेबातसुद्धा खोटं आहे. त्यांनी अर्ज केला नाही एवढंच. माझ्यासारखी एक अर्ज करणारी आली तेव्हा प्रश्न दिसला, याचं मला वाईट वाटतं आणि थोडी लाजही.

शेवटची खटकणारी गोष्ट माझ्याच टेबलावरची आहे. आमच्याकडे वाहन भत्ता पेट्रोलच्या पावत्यांवर मिळतो. त्या पावत्या मीच तपासते. जो जितकं जाळेल तितकं त्याला परत, आणि जो जाळत नाही त्याच्यासाठी रकानाच नाही. नेदरलँड्समध्ये सायकलने येणाऱ्या कर्मचाऱ्याला मालक किलोमीटरच्या हिशेबाने करमुक्त भत्ता देऊ शकतो. ब्रिटनमध्ये १९९९च्या कायद्याने मालकाने कर्मचाऱ्याला कामावर जाण्यासाठी सायकल वापरायला दिली तर तिच्यावर कर लागत नाही. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट स्थानकाखाली १२,५०० सायकली ठेवायची जागा आहे, २०१९ साली ती पूर्ण झाली. ही उदाहरणं दिली की ‘ते लोक वेगळे’ असं उत्तर येतं. त्या १२,५०० जागा लोकांच्या स्वभावातून उगवल्या नाहीत, कोणीतरी आराखडा काढला, कोणीतरी बिल मंजूर केलं. मी बिलं मंजूर करणारी आहे, मला ते कळतं.

सर्वांनी सायकलने यावं असं मी म्हणत नाही. कोणाला लहान मुलं सोडायची असतात, कोणाचं घर पंचवीस किलोमीटरवर असतं, कोणाला रात्रपाळी असते, कोणाचे गुडघे खरोखरच दुखतात. माझी गाडीही मी विकलेली नाही. पण ज्यांचं ऑफिस सात-आठ किलोमीटरवर आहे आणि ज्यांच्या मनात हे येऊन गेलं आहे, असे आमच्याच मजल्यावर तिघे आहेत. त्यांनी मला रस्त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एकाने विचारलं, कपडे कुठे बदलता? दुसरीने विचारलं, सायकल कुठे लावता? तिसऱ्याने विचारलं, साहेब काही म्हणाले का?

म्हणून ‘लोकांनी सायकल वापरावी’ असं लिहिणाऱ्या वाचकांपैकी जे कोणी कार्यालयं चालवत असतील, त्यांनी उद्या सकाळी आपल्याच इमारतीच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारावी. तिथे किती सायकली आहेत ते मोजावं. न्हाणीघराची किल्ली साडेआठला कोणाकडे असते हे विचारावं. आणि पार्किंगचा अर्ज स्वतः एकदा सायकलसाठी भरून बघावा.

मी गेल्या सोमवारी तिसऱ्यांदा भरला आहे. या वेळी सोबत बाकीच्या सहा जणांचेही अर्ज जोडले आहेत. वाहन क्रमांकाच्या रकान्यात सातही जणांनी फ्रेमवरचे क्रमांक लिहिले आहेत. झाडलोट करणाऱ्या बाईंच्या सायकलवरचा क्रमांक गंजून गेला होता, तो काचपेपरने घासून वाचला.

आपली,
एक वाचक